घरचा राउटर आणि गावाबाहेरचा क्लाउड

'क्लाउड' म्हणजे ढग. हा शब्द कानावर पडला की आपल्या फायली कोठेतरी आभाळात तरंगत असाव्यात असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पनवेलच्या मुलांनी तरी असे समजू नये. जुलै २०२० मध्ये आपल्याच तालुक्यात योट्टा या कंपनीचे 'एनएम १' नावाचे डेटा केंद्र सुरू झाले. ७,२०० रॅक, म्हणजे संगणक ठेवायच्या पुरुषभर उंचीच्या मांडण्या, आणि ५० मेगावॅट वीज घेण्याची क्षमता, असे त्याचे आकडे तेव्हा जाहीर झाले होते. एका घराला सरासरी १ किलोवॅट वीज लागते असे धरले तर एवढ्या विजेवर ५०,००० घरे चालतील. ढग असा असतो: भिंती, तारा, थंड हवेची यंत्रे आणि वीज गेल्यास धडधडणारी जनित्रे.

तुमचे फोटो याच इमारतीत आहेत असे मी म्हणत नाही. ते नेमक्या कोणत्या इमारतीत आहेत हे तुम्हांला सहसा कळत नाही, एवढेच म्हणतो.

आता एक साधा हिशेब करू. गणपतीत ताईने २ गिगाबाइटचे चित्रण केले आहे आणि ते तुम्हांला तुमच्या संगणकावर हवे आहे. ताई शेजारीच बसली आहे. क्लाउडच्या मार्गाने गेलात तर ते चित्रण आधी वर चढणार आणि मग खाली उतरणार. २ गिगाबाइट म्हणजे १६,००० मेगाबिट. घरची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिटची असेल तर चढायला ४०० सेकंद, उतरायला ४०० सेकंद, मिळून १३ मिनिटांहून अधिक. तेच चित्रण फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून संगणकाकडे गेले, आणि घरातल्या वाय-फायचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २०० मेगाबिट मिळाला, तर ८० सेकंद पुरतील. लहरींना एकाच हवेतून दोनदा जावे लागते म्हणून दुप्पट धरा: १६० सेकंद.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा फरक अंतरामुळे पडत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर दूरच्या केंद्रापर्यंत पोचायला त्याला फक्त ५ सहस्रांश सेकंद लागतात. अडचण आहे ती आपल्या घरापर्यंत येणाऱ्या वाटेच्या रुंदीची. नळ बारीक असेल तर धरण जवळ असून काय उपयोग!

मध्यस्थाकडे काही न ठेवता दोन यंत्रांनी आपापसांत फायली जुळवून घेण्याच्या रीतीला पीअर-टू-पीअर म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. येथे मालक आणि गिऱ्हाईक असा भेद नसतो. २०१३ पासून उपलब्ध असलेला 'सिंकथिंग' हा विनामूल्य आणि मुक्त प्रणालीचा कार्यक्रम याचे चांगले उदाहरण आहे. तो प्रत्येक फाईलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक ठसा काढतो. दोन यंत्रे प्रथम फक्त ठसे ताडून पाहतात आणि जो तुकडा बदलला असेल तेवढाच पाठवतात. वाटेत तो सांकेतिक रूपात जातो, त्यामुळे मधल्या कोणाला वाचता येत नाही.

मग सगळेच ही रीत का वापरत नाहीत? कारण तिच्यात एक मोठी अडचण आहे: दोन्ही यंत्रे एकाच वेळी जागी असावी लागतात. तुम्ही शाळेतून आल्यावर संगणक लावता आणि ताई रात्री उशिरा कामावरून येते, तेव्हा तुमचा संगणक बंद. दोघांची भेट होतच नाही. क्लाउड चोवीस तास जागा असतो, आणि हाच त्याचा खरा गुण आहे. पण घरात आणखी एक यंत्र दिवसरात्र जागे असते, ते म्हणजे राउटर. तो १० वॅट वीज घेत असेल तर वर्षाला ८८ युनिटांच्या आसपास जातात, आणि ती तशीही जातच असतात. त्याला यूएसबीचे छिद्र असेल आणि त्यात एक डिस्क लावली, तर तो घरातला नेहमी हजर असणारा पीअर होऊ शकतो.

होऊ शकतो असे म्हणतो, कारण इंटरनेटची जोडणी देणारे बहुधा जो राउटर देतात त्यात आपला कार्यक्रम घालता येत नाही. 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त प्रणाली काही राउटरांवर चालते, काहींवर नाही. शिवाय राउटर हा अशक्त संगणक आहे. हजारो ठसे काढताना तो घामाघूम होतो. एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय राउटरला तारेने जोडून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गावातल्या दोन घरांत अशी जोडणी करायची म्हटली की आणखी एक पेच येतो. इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला जातो. सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी असावा तसा हा प्रकार आहे: आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण अनोळखी पाहुण्याला आत सोडत नाहीत. अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकदम बाहेर यावे लागते, नाहीतर एखाद्या निरोप्या यंत्राची मदत घ्यावी लागते. १२८ बिटांचे नवे पत्ते सर्वत्र आले की हा पेच बराच सुटेल.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २० त १ आहे असे समजा. तीन डिस्कांवर प्रती ठेवल्या तर तिन्ही बिघडण्याची शक्यता ८,००० त १. हा गुणाकार आपण शाळेत शिकतो, पण त्यामागची अट विसरतो: घटना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तिन्ही डिस्का एकाच घरात असतील तर पुराच्या पाण्यात तिन्ही एकदम जातील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. गाढी नदीच्या काठी राहणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. आणि जुळवणीच्या कार्यक्रमाने तर हे स्वातंत्र्य आणखी कमी होते. धाकट्याने फोनवर एक फोल्डर पुसला की आज्ञाधारक राउटर आपल्याकडचाही पुसतो. जुळवणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय सिंकथिंगमध्ये आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

मात्र क्लाउडवाल्यांनीही फार ऐट मिरवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा केंद्र जळाले आणि ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचे सर्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात तेजॉन येथील सरकारी केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. आगीवाचूनही फायली जातात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. आजोबा गेले, त्यांचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही, आणि घरातले जुने फोटो त्यांच्याच खात्यात: अशी किती घरे असतील!

माझे मत असे की शाळांनी आणि घरांनी रोजची देवघेव आपल्या यंत्रांमध्ये ठेवावी, आणि क्लाउडकडे एक बाहेरची प्रत द्यावी, तीही कुलूप लावून, किल्ली आपल्याजवळ ठेवून. विज्ञान प्रदर्शनाचे प्रकल्प, सहलींचे फोटो, प्रयोगांच्या नोंदी या गोष्टी बहुतेक ठिकाणी एखाद्या शिक्षकाच्या खाजगी खात्यात पडलेल्या असतात. त्या शिक्षकाची बदली झाली की शाळेची आठवणही बदलून जाते. काही सहकारी म्हणतात, एवढा खटाटोप कोण करणार? त्यांचे म्हणणे खोटे नाही. सिंकथिंगच्या मूळ कर्त्यांनी आपले अँड्रॉइडचे ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद केले; मुक्त प्रणालीही कोणीतरी कष्टाने सांभाळावी लागते. पण नववी-दहावीच्या मुलांना हा खटाटोप आवडतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून घ्यावा. दोन संगणक एकाच राउटरला जोडा, दोन्हींवर सिंकथिंग घाला आणि एक फोल्डर जुळवा. मग राउटर चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. १ गिगाबाइटची फाईल टाकून वेळ मोजा. त्याच फाईलच्या शेवटी थोडा मजकूर वाढवून पुन्हा मोजा. नंतर दोन्ही संगणक राउटरपासून तोडा, एकच फाईल दोघांवर वेगवेगळी बदला आणि परत जोडा. यंत्र दोन्ही पाठ ठेवते आणि निवड तुमच्यावर सोपवते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठभेद माजले तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. तुमच्या वर्गात हे काम कोणाकडे द्यायचे ते प्रयोगाआधीच ठरवून ठेवा.