कायदा कपाटात, बाई दारात

१९७१ साली संसदेने वैद्यकीय गर्भपात कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील स्त्रियांचा जवळजवळ पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क एका निकालाने काढून घेतला, तेव्हा निषेध करताना भारतात हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे, अशी धन्यता मानण्याचा मोह पुष्कळांना झाला. ज्यांना ही धन्यता परवडते त्यांनी ती खुशाल बाळगावी. श्रमिकांच्या पक्षाला ती परवडणारी नाही.

मुळात या कायद्याने दिले काय, हे नीट पाहिले पाहिजे. गर्भपात हा १८६० च्या दंडसंहितेने ठरवलेला गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमातही तो गुन्हाच राहिला आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमाच्या कक्षेत येते. १९७१ च्या कायद्याने या गुन्ह्याला अपवाद केला. पण त्या अपवादाची किल्ली स्त्रीच्या हाती न देता डॉक्टरच्या हाती दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवावे लागते, किंवा स्त्रीचा जीवच धोक्यात असावा लागतो. त्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची तरतूद अविवाहित स्त्रीलाही लागू असल्याचा निर्णय दिला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ज्या हक्कासाठी दुसऱ्याच्या सहीची वाट पाहावी लागते, तो हक्क अर्धाच असतो.

आणि उरलेला अर्धा तरी कोणापर्यंत पोहोचतो? २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लक्ष गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शंभरातले अवघे बावीस दवाखान्यात किंवा रुग्णालयात झाले. त्र्याहत्तर गोळ्या घेऊन, दवाखान्याबाहेर झाले. आणि उरलेले पाच, म्हणजे सुमारे आठ लक्ष, दवाखान्याबाहेर अन्य उपायांनी. हे अन्य उपाय कोणते, हे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या आकड्यांना वर्ग आहे. शहरातील सुस्थित घरची स्त्री खासगी नर्सिंग होममध्ये सकाळी जाते व संध्याकाळी घरी परतते. शेजाऱ्यालाही कळत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या बाईचे काय? नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. तालुक्याच्या गावी दोन खेपा घालणे म्हणजे तिला दोन खाडे. मग ती जाते कोणाकडे? जो जवळ आहे, स्वस्त आहे आणि काही विचारीत नाही त्याच्याकडे. कायदा तिच्यासाठी कपाटात बंद आहे.

असे असताना चळवळीतच दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, हा प्रश्न खासगी आहे. आधी भाकरीचा लढा, मग या गोष्टी. जणू नको असलेले बाळंतपण भाकरीच्या हिशेबाबाहेर असते! मजुरी बुडते ती कोणाची, अंगावरचे दूध तुटते ते कोणाचे, शाळा सुटते ती कोणत्या थोरल्या मुलीची, याचा ज्याने हिशेब मांडला नाही त्याने भाकरीचाही हिशेब मांडलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो सद्हेतूने घेतला जातो. गर्भपात सुलभ केला तर मुली मारल्या जातील, असे तो सांगतो. मुलींची संख्या घटली हे खरे आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. याविरुद्ध लढलेच पाहिजे, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशातील पहिला कायदा करण्यास महाराष्ट्राला भाग पाडणाऱ्या स्त्री-संघटना व कार्यकर्ते तो लढा लढलेच. पण त्यांचा रोख लिंगनिदानाच्या धंद्यावर होता. तो धंदा करणाऱ्याला सोडून गर्भपात मागणाऱ्या प्रत्येक बाईला संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करणे हा त्या लढ्याचा विपर्यास आहे. २०१२ नंतर महाराष्ट्रात औषध दुकानांवर धाडी पडू लागल्या आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्यांना कायद्याची मुभा आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत, आणि सोनोग्राफीत लिंग दिसते ते त्यानंतर काही आठवड्यांनी! ज्या गोळीने लिंगनिवड होऊच शकत नाही ती दडवून ठेवल्याने एकही मुलगी वाचली नाही. गरीब बाई मात्र भोंदूच्या दारी गेली.

तिसरे एक भान समाजवाद्यांनी कधीही सोडता कामा नये. आणीबाणीत कोटा भरण्यासाठी माणसे धरून आणून त्यांची नसबंदी झाली, आणि ज्यांनी त्या राजवटीला विरोध केला ते तुरुंगात गेले. तीच वृत्ती सरकारी रुग्णालयात गर्भपात मागणाऱ्या बाईला ‘आधी ऑपरेशनला तयार हो, किंवा तांबी बसवून घे’ असे बजावते. २००१ साली महाराष्ट्रातील पंचायतींना लागू झालेली दोन अपत्यांची अट तर सदस्य होऊ पाहणाऱ्या स्त्रीच्या उदरावरच सरकारी पहारा बसवते. मूल नको म्हणण्याचा हक्क आणि मूल हवे म्हणण्याचा हक्क हा एकच हक्क आहे. एकाचा पुरस्कार करून दुसऱ्यावर सक्ती करणारा या हक्काचा मित्र नव्हे.

मग एकेका कार्यकर्त्याने करावयाचे काय? ठराव पुष्कळ झाले. पुढील कामांना ठरावाची गरज नाही.

पहिले काम जिभेचे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भाषणातून, फलकातून व पथनाट्यातून काढून टाकावा. ज्याला ‘हत्या’ म्हटले ती करणारी बाई खुनी ठरते, आणि डॉक्टर नामानिराळा राहतो. लिंगनिवड म्हणावे, लिंगनिदानाचा धंदा म्हणावे. दोष जेथे आहे तेथे बोट ठेवावे.

दुसरे काम कायदा पाठ करण्याचे व सांगण्याचे. अठरा वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची लागत नाही, लग्नाचा दाखला लागत नाही. डॉक्टरमंडळी कायद्यात नसलेल्या अशा अटी घालतात, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ च्या निकालात नोंदवून त्यावर ठपका ठेवला आहे. सरकारी रुग्णालयाला गर्भपात करण्यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते व पोलिसांत वर्दी जाते. परंतु मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव त्या वर्दीत देण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. एवढ्या चार ओळी शाखेच्या बैठकीत वाचल्या, बचतगटात सांगितल्या, पक्षाच्या कचेरीत भिंतीवर लावल्या, तर अर्धी अडवणूक तेथेच संपेल.

तिसरे काम सोबत जाण्याचे. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, मागे राहिलेल्या पोरांना पाहणारे कोणी, आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी ‘नवरा कुठे आहे?’ या प्रश्नाला ‘कायद्यात ती अट नाही’ असे शांतपणे सांगणारा एक माणूस: एवढ्यावाचून दिवस जातात, आठवडे उलटतात आणि मुदत संपते. प्रत्येक शाखेने वर्गणीतून थोडी रक्कम यासाठी बाजूला काढावी आणि ती देताना कारण विचारू नये. कोणाचा गर्भ, कसा राहिला, ही चौकशी कार्यकर्त्याने करावयाची नाही. गोळ्या स्वतः वाटत बसू नये. त्यासाठी डॉक्टर आहे, आणि बाईला त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे एवढेच कार्यकर्त्याचे काम आहे. झाल्यावर त्याची वाच्यता करावयाची नाही, घरीही नाही.

चौथे काम सरकारला जाब विचारण्याचे. माहितीच्या अधिकारात ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाला साधे चार प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी येथे किती गर्भपात झाले? त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर किती आहेत? किती पदे रिकामी आहेत? गोळ्यांचा साठा किती आहे? उत्तर ‘शून्य’ आले तर ते कागद घेऊन रुग्ण कल्याण समितीत, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत आणि गरज पडल्यास रुग्णालयाच्या पायरीवर बसावे. गावातील आशा सेविका या सर्वांत पहिली साथीदार आहे. तिच्या मानधनाच्या लढ्यात जो उभा राहिला नाही, त्याला तिच्याकडून मदत मागण्याचा अधिकार नाही.

पाचवे काम केवळ पुरुषांचे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः नसबंदी करून घेतलेली आढळली. ज्यांच्या नवऱ्यांनी ती करून घेतली अशा स्त्रिया अवघ्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही हे प्रमाण आहे! व्यासपीठावरून समतेची घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याने हा आकडा घरी जाऊन वाचावा.

ही कामे लहान आहेत, त्यांतून छायाचित्र निघत नाही, आणि ती करणाऱ्याला निवडणुकीत मते मिळणार नाहीत. काही ठिकाणी निंदाच वाट्याला येईल. र. धों. कर्व्यांना ती आली: १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना खटले, दंड आणि दारिद्र्य त्यांनी सोसले. १९३८ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाने हा प्रश्न मजुरांचा मानला होता, ही नोंद आजच्या ‘आधी भाकरी’वाल्यांनी ध्यानी घ्यावी.

आणि त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे, अशा जाहिराती त्यांनी गावात लावल्या. त्यांनी त्या बायकांना उपदेश केला नाही, त्यांच्या पापाची मोजदाद केली नाही. दार उघडे ठेवले आणि ते उघडे आहे हे जाहीर सांगितले. फुल्यांची तसबीर पक्षाच्या प्रत्येक कचेरीत आहे. अडचणीत सापडलेल्या बाईला त्या कचेरीचे दार आपल्यासाठी उघडे आहे असे वाटते काय, याचे उत्तर प्रत्येक शाखेने येत्या बैठकीत द्यावे.