चळवळीचें दप्तर कोणीं राखावें ?

आमच्या वऱ्हाडांतील कास्तकार कागदाची किंमत जाणत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याच्या घरांत पुस्तकाचें एक पान नाहीं, त्याच्या घरींही लोखंडी पेटींत खरेदीखत, मोजणीचा नकाशा, फेरफाराची नक्कल आणि सातबाराचा उतारा हीं कापडांत गुंडाळून ठेविलेलीं असतात. आग लागली तर माणसें बाहेर काढल्यावर दुसरी धांव त्या पेटीकडे असते. कारण उघड आहे. धुऱ्यावरचा दगड रातोरात सरकूं शकतो. कागदावरचा आकडा सहसा सरकत नाहीं. हा धडा पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आपण शिकलों आहों.

परंतु जें शहाणपण आपण स्वतःच्या शेताविषयीं दाखवितों, तें सार्वजनिक मिळकतीविषयीं दाखवीत नाहीं. सार्वजनिक मिळकत म्हणजे केवळ शाळेची इमारत, धर्मशाळा किंवा सोसायटीचें गोदाम नव्हे. ज्या सभांनीं, वर्गण्यांनीं, सत्याग्रहांनीं आणि प्रसंगीं भांडणांनीं त्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचीं इतिवृत्तें, पावतीपुस्तकें, हस्तपत्रकें आणि पत्रव्यवहार हा त्या मिळकतीचा सातबाराच होय. तो आज वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या ताब्यांत चालला आहे. याविषयीं वाचकांशीं चार शब्द स्पष्टपणें बोलावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, वऱ्हाडचे सरकारी कागददेखील एके ठिकाणीं नाहींत. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाकडून सुटत. १९०२ सालीं दरसाल २५ लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा झाला व १९०३ पासून कारभार नागपुरास जोडला गेला. १९५६ सालीं आपण द्विभाषिक मुंबई राज्यांत आलों आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. गादी जशी फिरली तसे कागदही विखुरले. कांहीं दिल्लीस, कांहीं नागपुरास, कांहीं मुंबईस आणि कांहीं जिल्हा कचेरीच्या अभिलेख-कक्षांत. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची रोजनिशी पाहूं म्हटलें, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वाट धरावी लागते. ती तेथें गेली म्हणून वांचली, हेंही तितकेंच खरें.

बरें, सरकारी कागद कितीही जपले तरी त्यांत आपली सगळी हकीकत असते काय ? आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे, म्हणून हें थोडें अधिकारानें सांगतां येईल. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ब वर्गाचे तीस वर्षें, क वर्गाचे दहा किंवा पांच वर्षें आणि ड वर्गाचे वर्षभर. ही व्यवस्था वसुली, हक्क आणि तंटा यांच्या सोयीनें बांधलेली आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे. पण गांवानें एकत्र येऊन काय ठरविलें, कां ठरविलें आणि त्यासाठीं कोणीं काय सोसलें, हें टिपून ठेवणें हें त्या व्यवस्थेचें कामच नव्हे. तें आपलें काम होय.

उदाहरण घेऊं. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हां समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या आपल्या मुलखानें अकोला जिल्ह्यांतील दहिहांड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यानें आजवर कास्तकाराला पिण्याच्या पाण्यासाठीं रडविलें. त्याच खाऱ्या पाण्यानें त्या वर्षीं देशाच्या लढ्यांत त्याला जागा मिळवून दिली. या गोष्टीचा सरकारी कागद असेल तर तो काय सांगेल ? कोणावर कोणतें कलम लागलें आणि किती महिन्यांची शिक्षा झाली. विहिरीचें पाणी कोणीं शेंदलें, जळण कोणत्या घरून आलें, बाहेरगांवच्या स्वयंसेवकांसाठीं कोणत्या बायांनीं भाकरी थापल्या, हें पोलिसाला लिहिण्याचें कारण नव्हतें. तें आपल्याच कोणाच्या वहींत असेल तर असेल. नसेल तर गेलें. जेथें आपण कागद ठेवीत नाहीं, तेथें आपल्या वतीनें दुसऱ्याचा कागद बोलतो.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांइतक्या सार्वजनिक संस्था व चळवळी फार थोड्या मुलखांत निघाल्या असतील. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें. १९२७ सालीं अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठीं भरलेल्या परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीस आले. डॉ. पंजाबराव देशमुखांनीं श्रद्धानंद छात्रालयांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं आणलीं आणि १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला. १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम उभारला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा पुढें गांवोगांव पसरल्या. १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं तपोवनांत कुष्ठरोग्यांस आसरा दिला. गाडगेबाबांच्या धर्मशाळा मूर्तिजापुरापासून पंढरपुरापर्यंत उभ्या आहेत.

या सर्वांचीं चरित्रें आहेत, पुतळे आहेत, जयंत्याही होतात. पण चळवळ एका पुढाऱ्याची नसते. छात्रालयास कोणत्या गांवानें किती पोतीं ज्वारी पाठविली ? एका पंक्तीस जेवण्यास कोणीं नकार दिला आणि पुढें तो कसा वळला ? सेवा मंडळाच्या प्रार्थनेस पहिल्या वर्षीं किती माणसें बसत आणि दहाव्या वर्षीं किती ? याचीं उत्तरें पुतळा देत नाहीं. तीं मुदपाकखान्याच्या हिशोबवहींत आणि हजेरीपटांत असतात. गाडगेबाबांसारख्या पुरुषानें तर लेखणीपेक्षां झाडूवर आणि जिभेवर काम भागविलें. त्यांचें अखेरचें कीर्तन १९५६ सालीं मुंबईस वांद्र्यास ध्वनिमुद्रित झालें, म्हणून त्यांचा आवाज आज आपल्या कानीं पडतो. कोणाला तरी त्या दिवशीं तशी बुद्धि झाली, इतकाच त्या ठेव्याचा आधार !

आतां कापसाकडे वळूं, कारण ती गोष्ट प्रत्येकाच्या दारची आहे. हिंदुस्थानांतला पहिला नियंत्रित बाजार १८८६ सालीं आपल्या कारंज्यास झाला. १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मुंबई इलाख्यानें कापूस बाजाराचा कायदा केला तो १९२७ सालीं, म्हणजे तीस वर्षांनंतर. कायद्याचे शब्द ग्रंथालयांत मिळतील. परंतु गाडी बाजारांत उभी राहिल्यावर अडत, दलाली, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नांवांनीं कास्तकाराच्या हातांतून किती गळत होतें, हें कायद्यांत लिहिलेलें नाहीं. तें घरोघरच्या हिशोबपट्ट्यांत आहे. १९७२ सालीं राज्याची कापूस एकाधिकार योजना आली, तिच्याही पावत्या, प्रतवारीच्या चिठ्ठ्या आणि चुकाऱ्यांच्या नोंदी अजून पुष्कळांच्या माळ्यावर असतील. एक पट्टी म्हणजे चिटोरें. एका गांवाच्या चाळीस वर्षांच्या पट्ट्या एकत्र केल्या तर तो कास्तकाराच्या बाजूचा पुरावा होतो. भावासाठीं लढतांना भाषणापेक्षां असा पुरावा अधिक कामास येतो.

याच भावाच्या लढ्यांतून दुसरी एक गोष्ट निघाली. १९८९ सालीं अमरावतीस शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनांत लक्ष्मीमुक्तीची हांक देण्यांत आली, आणि पुष्कळ गांवीं नवऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून दिला. फेरफाराच्या नोंदवहींत याची एक कोरडी ओळ सांपडेल : अमक्याच्या अर्जावरून अमकीचें नांव दाखल. पण त्या ओळीच्या आदल्या रात्रीं देवळापुढें जी सभा झाली, कोणा म्हाताऱ्यानें विरोध केला, कोणत्या सुनेनें उभें राहून त्याला उत्तर दिलें, हें फेरफारांत कोठून येणार ? त्या सभांस गेलेल्या बाया आज सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांचें सांगणें लिहून घेण्यास दहा वर्षांची सवड आपल्यापाशीं नाहीं.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. २०२३ सालापासून न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या निमित्तानें कुणबी नोंदींसाठीं राज्यांतलीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं, तेव्हां शंभर वर्षांपूर्वींच्या एका ओळीची किंमत काय असते, हें सर्वांनीं पाहिलें. संस्थांचें तसेंच आहे. आजोबांनीं शाळेस एकर-दोन एकर जागा तोंडीं दिलेली असते. ठरावाची वही हरवली कीं नातू आणि संस्था कोर्टांत समोरासमोर उभे राहतात, आणि दोघेही प्रामाणिक असूनही पैसा मात्र वकिलांच्या घरीं जातो.

मग हे कागद जातात कसे ? आमच्या पाहण्यांतलीं कारणें तीनच. पहिलें, चिटणिसाचें घर हेंच संस्थेचें दप्तर. तो वारला कीं पुढच्या दिवाळीच्या साफसफाईंत सगळें रद्दींत निघतें. दुसरें, निवडणूक, पडलेला पक्ष वह्या घरीं नेतो आणि आलेला पक्ष नव्या वहीला प्रारंभ करतो. तिसरें, नवी इमारत. जुनें कपाट तींत शोभत नाहीं. आतां यांत चौथ्याची भर पडली आहे. २०१९ सालीं अकोट तालुक्यांत अकोली जहांगीर येथें परवानगी नसलेल्या कपाशीच्या बियाण्याची जाहीर पेरणी झाली. तिच्या बऱ्यावाईटाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. परंतु अशा सभांचे निरोप हल्लीं मोबाइलवरून फिरतात, आणि मोबाइल बदलला कीं निरोपही नाहींसे होतात. जुन्या हस्तपत्रकाला निदान वाळवी लागण्यास वेळ तरी लागत असे.

कोणी म्हणतील, हें सरकारनें करावें. सरकारचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे खरा; पण त्याचा रोख सरकारी व निमसरकारी कागदांवर आहे. गांवच्या मंडळाची वही वाळवीनें खाल्ली तर त्याचा जाब कोणी विचारणार नाहीं. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा केलीं तीं मुख्यतः खासगी वाड्यांतून, लोकांच्या विनवण्या करून. यवतमाळास डॉ. य. खु. देशपांड्यांनीं शारदाश्रमांत जुन्या पोथ्या जमविल्या त्याही अशाच. परदेशांत पहावें तर स्वीडनच्या मजूर चळवळीनें १९०२ सालींच आपलें स्वतःचें दप्तर स्टॉकहोमास थाटलें. आणि युरोपांत हुकूमशाही मजूर संघांचे कागद बुडवूं लागली, तेव्हां १९३५ सालीं ॲमस्टरडॅमास ते वांचविण्यासाठीं एक संस्थाच निघाली. ज्यांची चळवळ, त्यांनींच पहिलें पाऊल टाकलें, हें सर्वत्र दिसेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जुन्या वह्यांत जातींचे तंटे, कर्जाच्या याद्या, बहिष्काराचे ठराव असतात. तीं मढीं कशाला उकरावीं, असें पुष्कळ भले लोक म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. कोणाच्या आजाच्या कर्जाची चर्चा पारावर व्हावी, हें आम्हांसही रुचत नाहीं. पण त्याला उपाय कागद जाळणें हा नव्हे. पुडकें मोहोरबंद करावें, वर ‘अमुक सालापर्यंत उघडूं नये’ असें लिहावें आणि यादींत नोंदवावें. ज्या वहींत आपल्या गांवाचा चुकलेला ठराव आहे, ती वही फाडणारा गांव, आपण तो ठराव पुढें कसा सोडला, हा मोठेपणाही तिच्याबरोबरच फाडून टाकतो.

तेव्हां प्रत्येक संस्थेनें येत्या वार्षिक सभेंत पुढील पांच गोष्टींचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे.

पहिली, हातीं असलेल्या सर्व वह्या-कागदांची क्रमवार यादी करावी व तिची एक प्रत अध्यक्षांपाशीं, एक चिटणिसापाशीं ठेवावी. दुसरी, चिटणीस बदलतांना तलाठी जसा चार्ज देतो तसा यादीवर सह्या करून दप्तराचा चार्ज द्यावा. यादीवांचून राजीनामा मंजूर करूं नये. तिसरी, तीस वर्षांवरचा कोणताही कागद सभेच्या परवानगीशिवाय रद्दींत घालूं नये. चौथी, घरोघरीं असलेले कागद लेखी पोंच देऊन मागून घ्यावे. मूळ देण्यास कोणी तयार नसेल तर छायाचित्र घेऊन मूळ परत करावें. छायाचित्र ही नक्कल आहे, मूळ नव्हे, हें मात्र विसरूं नये. पांचवी, जेथें दोन पक्षांचें जमत नाहीं, तेथें दप्तर दोघांच्याही घरीं न ठेवतां जिल्ह्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयांत किंवा अमरावतीच्या विद्यापीठांत, परत घेण्याच्या अटीवर, ठेवावें.

जतनास फार खर्च नाहीं. कागदांतल्या गंजक्या टाचण्या काढाव्या. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, आणि तें प्लॅस्टिकांत मढवूंही नये. सुती रुमालांत बांधून लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावें. पावसाळा सरल्यावर वर्षांतून एकदां सावलींत वारा द्यावा. मोडींतले कागद वाचतां येत नाहींत म्हणून टाकूं नयेत. वाचणारा आज नाहीं तर उद्यां मिळेल.

दसऱ्यास आपण औतें-अवजारें धुवून पूजतों, मुलें पाटी-पोथीस फुलें वाहतात. त्याच दिवशीं संस्थेचें कपाट उघडून रुमाल सोडावे, यादी ताडून पहावी आणि पुन्हां बांधून ठेवावे, एवढी नवी चाल प्रत्येक गांवानें पाडावी. बियाणें राखून ठेवल्याशिवाय पुढल्या हंगामाची गोष्ट करूं नये, हें कास्तकाराला कोणी शिकवावें लागत नाहीं. आपल्या बापजाद्यांनीं जें एकजुटीनें केलें त्याचें बियाणें या वह्यांत आहे. तें अजून आपल्या माळ्यावर आहे, तोंवरच तें राखण्याची गोष्ट बोलतां येते.