ओमेगा-३ आणि मुलांचे वाचन : आशा मोठी, पुरावा तोकडा

मुलांची एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती सुधारेल, अभ्यासात प्रगती होईल, अशा आश्वासनांसह माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि सरबते आज बाजारात सहज उपलब्ध आहेत. वाचनात मागे पडणाऱ्या मुलाच्या पालकांना हा उपाय सोपा आणि निरुपद्रवी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या आश्वासनामागील पुराव्याचा गेल्या दोन दशकांतील प्रवास पाहिल्यास चित्र बरेच वेगळे दिसते.

या कल्पनेला जैविक आधार आहे, हे नाकारता येत नाही. डीएचए हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल मेंदूच्या आणि डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या पेशींचा महत्त्वाचा घटक आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून ते थेट मिळते. जवस, अक्रोड, मोहरीचे तेल यांतील ओमेगा-३ वेगळ्या स्वरूपाचे असते आणि शरीर त्याच्या अल्प अंशाचेच डीएचएमध्ये रूपांतर करू शकते. तथापि, एखादा घटक मेंदूला आवश्यक असणे आणि त्याची जादा मात्रा दिल्याने वाचन सुधारणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट प्रयोगानेच सिद्ध करावी लागते.

या विषयाला खरी प्रसिद्धी मिळाली ती २००५ मध्ये. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड-डरहॅम चाचणीत हालचालींच्या समन्वयाची अडचण असलेल्या ११७ मुलांपैकी काहींना मेदाम्लांच्या आणि काहींना निष्क्रिय तेलाच्या कॅप्सूल देण्यात आल्या. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या वाचनात, शुद्धलेखनात आणि वर्तनात लक्षणीय सुधारणा आढळली. ज्या हालचालींच्या अडचणीमुळे ही मुले निवडली गेली होती, तीत मात्र फरक पडला नाही.

पुढच्याच वर्षी डरहॅम परगण्याच्या प्रशासनाने सुमारे ५,००० शालेय विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वी अशा कॅप्सूल देण्याची योजना जाहीर केली. परंतु तुलनेसाठी निष्क्रिय कॅप्सूल घेणारा गटच त्यात नव्हता. त्यामुळे गुण वाढले तरी ते तेलामुळे, अभ्यासामुळे की शिक्षकांच्या अधिक लक्षामुळे, हे ठरवणे अशक्य होते. या त्रुटीवर वैज्ञानिकांनी कठोर टीका केली.

अधिक काटेकोर प्रयत्न ऑक्सफर्डशायरच्या शाळांत झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वाचनात मागे असलेल्या, ७ ते ९ वयोगटातील ३६२ निरोगी मुलांपैकी एका गटाला १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए देण्यात आले. सर्व मुलांचा एकत्रित विचार करता वाचनात फरक आढळला नाही. मात्र सर्वांत मागे असलेल्या २० टक्क्यांच्या श्रेणीतील २२४ मुलांत माफक सुधारणा दिसली. वर्तनाबाबत पालकांनी सुधारणा नोंदवली, शिक्षकांना ती फारशी जाणवली नाही. अनेक बातम्यांच्या मथळ्यांत मात्र केवळ सुधारणेचा भाग उरला.

या निष्कर्षाची कसोटी त्याच अभ्यासातील संशोधकांनी स्वतः घेतली, ही बाब उल्लेखनीय ठरते. नेमक्या याच श्रेणीतील ३७६ मुलांवर त्यांनी तितक्याच कालावधीची आणि तितक्याच मात्रेची दुसरी चाचणी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वाचनावर कोणताही परिणाम आढळला नाही. पहिला आशादायक निकाल पुन्हा मिळाला नाही आणि संशोधकांनी तो नकारही तितक्याच स्पष्टपणे मांडला.

सर्व पुरावा एकाच दिशेने जातो असेही नाही. स्वीडनमध्ये ९ ते १० वर्षांच्या १५४ मुलांवर झालेल्या तीन महिन्यांच्या चाचणीत वाचनाच्या काही अंगांत सुधारणा दिसली. भारतातही बंगळूरु येथे सुमारे ६०० शाळकरी मुलांवर वर्षभर अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ओमेगा-३ च्या अधिक आणि कमी मात्रेमुळे आकलनक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांविषयीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा उपलब्ध नसल्याचेच तिने नमूद केले.

भारतासाठी हा प्रश्न केवळ ग्राहकहिताचा नाही. ‘असर’ २०२४ अहवालानुसार ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. हे अपयश बहुतांशी अध्यापनाचे आहे. बोलणे मूल ऐकून शिकते, वाचन मात्र शिकवावेच लागते. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते, जोडाक्षरांचा सराव, रोजचे प्रकट वाचन यांना पर्याय नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही या पायाभूत कौशल्यांवरच आहे.

महागड्या कॅप्सूलचा खरा तोटा पैशापुरता मर्यादित राहत नाही, त्यात वेळही जातो. तेलाचा गुण येण्याची वाट पाहताना दृष्टीची तपासणी, श्रवणाची तपासणी आणि डिस्लेक्सियाचे निदान लांबणीवर पडते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांग हक्क कायदा, २०१६ अन्वये मान्यता आहे. तिचे निदान लवकर झाल्यास विशेष अध्यापन आणि परीक्षेतील सवलती यांचा मार्ग खुला होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाची तरतूद आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावरील बुद्धिवर्धनाचे दावे या कसोटीवर तपासले जाणे आवश्यक आहे. मासे, जवस, अक्रोड यांचे आहारातील स्थान निर्विवाद आहे. परंतु मुलाच्या वाचनासाठी खर्च करण्याची ऐपत मर्यादित असेल, तर उपलब्ध पुराव्याचा कौल कॅप्सूलच्या बाटलीपेक्षा पुस्तक आणि शिक्षक यांच्या बाजूने आहे.