पिल्लाचं अंथरूण कोण धुणार?



दारातल्या कुत्रीला पोळी टाकली की आपली जीवदया झाली, असं आपण धरून चाललो आहोत. मग ती कुत्री विते, एखादं पिल्लू आपल्या ओट्यावर येतं, मुलं हट्टानं ठेवून घेतात आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. पिल्लू झोपणार कशावर? आणि ते अंथरूण धुणार कोण? आपल्या बहुतेक घरांत याचं उत्तर एकच असतं: "टाक एखादं पोतं कोपऱ्यात."

मला या पोत्याशीच भांडायचं आहे.

बीड जिल्ह्यातल्या घरात सापडणारं पोतं बहुधा खताचं, नाहीतर पेंडीचं. खताचं पोतं प्लास्टिकचं. ते मूत शोषत नाही, त्यामुळे पिल्लू ओल्यातच लोळतं. तळाशी राहिलेले खताचे कण ते चाटतं, कारण पिल्लू जग तोंडानंच ओळखतं. तागाचं पोतं एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि धुतलं तर कधीच जात नाही. खाली शहाबादी फरशी. अगदी लहान पिल्लाला अंगातली ऊब स्वतः टिकवता येत नाही, म्हणून ती भावंडं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. आपण त्यातलं एकच उचलून आणतो आणि पौषाच्या थंडीत फरशीवर ठेवतो. रात्रभर ते कण्हतं, तेव्हा म्हणतो, "आईची आठवण येते बिचाऱ्याला." आठवण येतच असेल, पण त्याला थंडीही वाजत असते.

ही झाली पंचेंद्रिय जिवाची गोष्ट. आता त्या पोत्यात काय घडतं ते बघा. पिसवा कुत्र्याच्या अंगावर राहतात, पण त्यांची अंडी अंगाला चिकटून राहत नाहीत. कुत्रं जिथे झोपतं तिथे ती गळून पडतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, पोत्याच्या घड्यांत शिरतात, तिथल्याच घाणीवर वाढतात आणि कोष करतात. हवा मानवली तर तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार. म्हणजे न धुतलेलं अंथरूण हे त्रस जिवांच्या उत्पत्तीचं ठिकाण आहे आणि ते आपण स्वतःच्या हातानं मांडलेलं आहे.

आणि मग काय होतं? घरभर पिसवा झाल्या, मुलांच्या पायांवर लाल गांधी उठल्या की बाजारातून फवारा येतो. गोठ्यात गायी-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेलं औषधही काही घरांत अंदाजानं पाण्यात कालवून पिल्लाच्या अंगावर ओततात. त्यात पिल्लू दगावू शकतं. पिसवा तर मरतातच, आणि त्यांच्याबरोबर ज्यांचा काही संबंध नाही अशा मुंग्या, कोळीही मरतात. दुसऱ्या दिवशी आपण मंदिरात जाऊन प्रतिक्रमणात जाणते-अजाणते झालेल्या हिंसेचं मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. पण यात अजाणतं काय होतं? ही हिंसा फवाऱ्याच्या दिवशी सुरू झालीच नाही. पहिल्या आठवड्यात अंथरूण झटकायचा कंटाळा केला, त्या दिवशी ती सुरू झाली. आपल्या शास्त्रानं हिंसेच्या मुळाशी प्रमाद ठेवला आहे, तो उगाच नाही.

हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. पावसाळ्याआधी डाळींना ऊन आपण कशासाठी देतो? पीठ जास्त दिवस का ठेवत नाही? जीव पडू नयेत म्हणून. पडल्यावर मारायचे नाहीत, तर पडूच द्यायचे नाहीत, ही आपल्या स्वयंपाकघराची रीत आहे. मुनिमहाराज बसण्याआधी, निजण्याआधी पिच्छीनं जागा हळुवार झाडून घेतात. वस्तू उचलताना-ठेवताना पाहून घेणं ही पाच समितींतली एक समितीच आहे. स्वयंपाकघरात इतकं जपणाऱ्या बाईचा नियम ओट्यावर पोचेपर्यंत कुठे गळून पडतो?

काहीजणी म्हणतील, कुत्रा मांसभक्षी, हिंस्र प्राणी पोसणं श्रावकाला वर्ज्य आहे. मान्य. हौसेसाठी, धंद्यासाठी असे प्राणी पोसण्याचा निषेध आहेच, आणि म्हणूनच हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू विकत आणण्याला माझा विरोध आहे. पण आईवेगळं पिल्लू दारात आलं आणि आपण ते ठेवून घेतलं, तर मग अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लागू होतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. साखळीनं जखडून ओल्या पोत्यावर टाकणं हा बंध नाही तर काय? सरकारचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा मानतो. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये ठेवला आहे. इतक्या स्वस्त दंडाला कोण भिणार? आपल्याला मात्र धाक कायद्याचा नाही, कर्मबंधाचा असायला हवा.

माजलगाव तालुक्यातलं लवूळ डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छतांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. मेलेल्या पिल्लांचे आकडे ज्यानं त्यानं आपापले सांगितले. शेवटी नागपूरच्या वनविभागाच्या पथकानं दोन वानरं पकडली. तेव्हा मोबाइलवर त्याचे विनोद फिरले, सूडकथा रंगल्या, आपल्या मंडळांच्या ग्रुपवरही आल्या. वानरानं उचलून न्यावं इतकी ती पिल्लं उघड्यावर का होती, हा प्रश्न मात्र त्या गर्दीत ऐकू आला नाही.

आता अंथरुणाचं. बाजारातली गुबगुबीत गादी नको. तिच्यात पिसं असतील, लोकर असेल, चामड्याची किनार असेल, तर ती आपल्या घरात यायलाच नको. कृत्रिम धाग्यांची असली तर पिल्लू ती फाडतं आणि आतला भुगा गिळलाच तर आतड्यात अडकतो. कापसाची गादीही नको, मूत आत मुरतं आणि ती धुता येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी शिवली तीच चीज घ्या: जुन्या सुती लुगड्याची पातळ गोधडी. दोन-तीन पदर, जवळजवळ धावदोरा, म्हणजे नख अडकत नाही. जर, फॉल, बटणं काढून टाकायची. अशा तीन गोधड्या शिवा: एक अंगाखाली, एक दोरीवर, एक घडीत. खाली लाकडी फळी ठेवा, म्हणजे फरशीचा गारठा चढत नाही, आणि तीन बाजूंनी वारा अडेल असा फळांचा खोका.

रोज सकाळी गोधडी उचलून अंगणात पाहायची, मुंगी-किडा असेल तर मऊ कुंच्यानं हळूच बाजूला करायचा, मगच झटकायची. ओली झाली तर लगेच धुवायची, नाहीतर दर तिसऱ्या दिवशी. साबण पूर्ण निघायला हवा. डांबरगोळ्या आणि फिनाईल जवळही नको, दोन्ही पिल्लाला विषारी. पिसवा झाल्याच तर अंदाजपंचे औषध न करता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

"धुण्यातही पाण्याच्या जिवांची हिंसा होतेच ना?" होते. ती आरंभी हिंसा आहे, गृहस्थाला पूर्ण टळत नाही, कमी मात्र करता येते. पातळ गोधडीला अर्धी बादली गाळलेलं पाणी पुरतं, आणि आपल्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन ती तासाभरात खडखडीत वाळवतं. टँकरच्या दिवसांत धुणी-भांड्यांचं आपण भागवतो, तसंच हेही भागतं.

शेवटचा मुद्दा सर्वांत कडू आहे. पिल्लाचा हट्ट मुलांचा, होकार त्यांच्या बाबांचा आणि धुणं आईच्या गळ्यात. हे बंद करा. ज्यानं पिल्लू आणलं त्यानं गोधडी धुवावी. पाठशाळेत अहिंसेच्या व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला याहून चांगला धडा मिळणार नाही.

जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीला गेला, ही कथा आपण लेकरांना सांगतो. रस्त्यावर गाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हणणाऱ्या बायाही आपल्यात आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण मंत्र ऐकायला कुत्र्यानं मरणाच्या दारात पोचायलाच हवं का? जिवंत आहे तोवर त्याला कोरडं अंथरूण द्या. आजच कपाटातलं एक जुनं लुगडं काढा.