खेळाडूपेक्षा सात वर्षांनी मोठा कोच

जो ब्रेडी लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघात दाखल झाला तेव्हा २९ वर्षांचा होता. ज्याला घडवायचं तो क्वार्टरबॅक जो बरो २२ वर्षांचा. २०१८च्या हंगामात बरोच्या नावावर १६ टचडाउन पास होते. ब्रेडी आल्यावर, २०१९मध्ये, ते ६० झाले. संघाने १५पैकी १५ सामने जिंकले, सामन्यामागे सरासरी ४८.४ गुण कमावले आणि १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनला ४२-२५ असं लोळवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. बरोला सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, ब्रेडीला देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये (लांबट चेंडूच्या, हेल्मेट घालून खेळायच्या) मग ज्याला त्याला आपल्या संघातही एक ब्रेडी हवासा वाटू लागला.

तो एकटा नव्हता. जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक किर्बी स्मार्ट यांनी २०१९मध्ये बचावफळीची सूत्रं ३२ वर्षांच्या डॅन लॅनिंग आणि २८ वर्षांच्या ग्लेन शुमन या जोडीकडे सोपवली. नोत्र दामने २०२०च्या जानेवारीत आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणून आपलाच जुना क्वार्टरबॅक टॉमी रीस नेमला, वय २७. केनी डिलिंगहॅम तर चार विद्यापीठांत कोऑर्डिनेटरकी करून २०२२मध्ये, ३२व्या वर्षी, अ‍ॅरिझोना स्टेटचा मुख्य प्रशिक्षक झाला. पहिल्या वर्षी ३ विजय आणि ९ पराभव, दुसऱ्या वर्षी ११ विजय आणि बिग ट्वेल्व्ह या गटाचं विजेतेपद. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात टेक्सासकडून हरला तोही दोन ओव्हरटाइम खेळून.

यावरून निघणारा सोपा निष्कर्ष म्हणजे तरुण डोकं तल्लख असतं, नव्या पोरांची भाषा त्याला कळते, तेव्हा जुन्यांनी बाजूला व्हावं. हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचा आहे.

शुमनचंच बघा. वय २८, पण विद्यार्थिदशेतच २००८पासून तो अलाबामात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या कचेरीत राबत होता. स्वतः कॉलेजात खेळलेला नाही. म्हणजे पद मिळालं तेव्हा त्याच्या पाठीशी दहा-अकरा वर्षांची उमेदवारी होती. डिलिंगहॅमने तर शिकवायला सुरुवात केली ती शाळकरी वयात, दुखापतीने स्वतःचा खेळ थांबला तेव्हा. जन्मतारखेने ही माणसं तरुण, पण या धंद्यात मुरलेली. नुसता वयाचा आकडा बघून नेमणूक करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

लॅनिंगची वाट आणखी आडवळणाची. मिसूरीतल्या शाळेत शिकवता शिकवता त्याला वरच्या पातळीवर जायचं वेड लागलं. २०११मध्ये रात्रभर गाडी हाकत, सुमारे १३ तासांनी तो पिट्सबर्गला पोचला आणि तिथले प्रशिक्षक टॉड ग्रॅहम यांच्याकडे काम मागितलं. मिळालं ते ग्रॅज्युएट असिस्टंटचं, उतरंडीतलं अगदी खालचं. पुढे सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये पूर्णवेळ नोकरी लागली, तर २०१५मध्ये तीही सोडून तो सेबन यांच्याकडे पुन्हा ग्रॅज्युएट असिस्टंट झाला. चालू नोकरी सोडून परत उमेदवारी करायला किती जण तयार होतील? २०२१च्या हंगामात त्याच्या बचावफळीने सामन्यामागे जेमतेम दहा गुण दिले आणि जॉर्जियाने विजेतेपद मिळवलं. तोवर ऑरेगनचं मुख्य प्रशिक्षकपद त्याच्या हाती आलं होतं.

या ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम काय? प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फिल्म कापून प्रकारवार लावायची: तिसरा डाव आणि सहा यार्ड बाकी असताना ते काय करतात, स्वतःच्या गोलरेषेजवळ कसे उभे राहतात. मग त्यांची प्रत्येक चाल जाड कार्डावर काढायची, गोल-फुल्या-बाण, रंगीत मार्करने. सरावात ते कार्ड उंच धरायचं, म्हणजे राखीव खेळाडूंना पुढच्या शनिवारच्या शत्रूची सोंगं वठवता येतात. एखाद्या फुलीची जागा चुकली की मैदानभर ओरडा बसतो. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हे चालतं, आणि मोबदला म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची फी व बेताचं विद्यावेतन.

तरुणांना मागणी वाढण्याचं अर्धं कारण इथे आहे. कामाचा व्याप फुगलाय. डिसेंबर २०१७पासून शाळकरी खेळाडूंच्या सह्या डिसेंबरातच होऊ लागल्या, २०१८च्या ऑक्टोबरात विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल उघडलं, १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. आता आपला खेळाडू जाऊ नये म्हणून रोज त्याची मनधरणी करायची आणि दुसऱ्याचा यावा म्हणून रात्री-अपरात्री फोनला चिकटायचं. घरी शाळकरी मुलं असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला हे झेपत नाही असं नाही, पण तो नकार देऊ शकतो. पंचविशीतला देत नाही. तरुण तल्लख असतो हे खरं. तो स्वस्त पडतो आणि मान खाली घालून राबतो हेही तितकंच खरं, आणि ते मात्र पत्रकार परिषदेत कुणी बोलून दाखवत नाही.

ब्रेडीच्या गोष्टीतलं एक पात्र असंच सांगायचं राहून जातं. त्या संघाच्या आक्रमणाचा कोऑर्डिनेटर ब्रेडी नव्हता, स्टीव्ह एन्समिंगर होते, वय ६१, लुइझियाना स्टेटचेच जुने क्वार्टरबॅक. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात शिकलेल्या पासिंगच्या नव्या कल्पना ब्रेडीने आणल्या; सामन्यात त्यांची मोट एन्समिंगर यांच्यासोबत बांधली गेली. ब्रेडी एका वर्षात कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेला. २०२०मध्ये लुइझियाना स्टेट ५-५वर घसरलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी पँथर्समध्ये ब्रेडीच्या हाताखाली काम केलेले जेक पीट्झ आणि डीजे मँगस असे दोघे आणले. पुस्तक तेच, धडे तेच. २०२१मध्ये हाती आले ६ विजय आणि ७ पराभव. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांचीही गच्छंती झाली. आणि ज्याला ‘जादूगार’ म्हणत होते त्या ब्रेडीला पँथर्सने त्याच वर्षी डिसेंबरात, हंगाम सुरू असतानाच, नारळ दिला.

उलट बाजूही पाहावी. कर्ट सिग्नेटी यांनी बरीच वर्षं सहायक म्हणून काढली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका छोट्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि ६२व्या वर्षी इंडियानात येऊन २०२४च्या पहिल्याच हंगामात ११ सामने जिंकले. म्हातारा असणं हीही काही हमी नव्हे. बहात्तरीत नॉर्थ कॅरोलायनात आलेल्या बिल बेलिचिक यांना पहिल्या हंगामात ४ विजयांवर समाधान मानावं लागलं.

‘तरुणांना संधी’ या नावाखाली काय खपवता येतं याचा एक जुना दाखला आहे. नव्वदच्या दशकात कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने फुटबॉल सोडून इतर खेळांत एक खालचं सहायकपद ठरवलं आणि त्याचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलरवर बांधून टाकला. नवशिक्यांसाठी जागा राहावी, हे कारण. पण या जागी नवशिकेच येतील याची तजवीज नियमात नव्हती; अनुभवी माणसंही त्याच पगारात अडकली. प्रशिक्षक न्यायालयात गेले, १९९८मध्ये अपील न्यायालयाने हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला, आणि पुढच्या वर्षी संस्थेला ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं.

जून २०२४मध्ये एनसीएएने फुटबॉलमध्ये मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादा उठवली. तोवर मुख्य प्रशिक्षक, दहा सहायक आणि ग्रॅज्युएट असिस्टंट सोडून इतरांना खेळाडूंना डावपेच सांगायची परवानगी नव्हती. आता अ‍ॅनालिस्टही, म्हणजे पडद्यामागे फिल्मचा अभ्यास करणारा मदतनीसही, बोलू शकतो. या सवलतीचा उपयोग करून एखाद्या निवृत्तीला आलेल्या एन्समिंगरला तिशीतल्या कोऑर्डिनेटरशेजारी बसवता येईल. किंवा आणखी डझनभर पोरं भरून फिल्म कापायला लावता येतील. दुसरा मार्ग स्वस्त आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी तोच धरला जाईल अशी धास्ती वाटते.

हाल काढल्याशिवाय कोच घडत नाही, असं या धंद्यातले जुने लोक सांगतात. लॅनिंगकडे बघून ते पटतंही. पण असे हाल काढायला घरून पैसे तरी यावे लागतात किंवा आडनाव तरी ओळखीचं असावं लागतं, आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही ती मुलं पहिल्याच वर्षी शाळेतल्या नोकरीकडे परततात. जॉर्जियाने २०२४च्या करारात किर्बी स्मार्ट यांचा वर्षाचा पगार १ कोटी ३० लाख डॉलर केला. कार्डं रंगवणाऱ्या पोराला घरभाडं भागेल एवढं द्यायचं ठरवलं, तर त्या आकड्याला ओरखडाही उठणार नाही.