नुसती वाळू उपसून चुंबक होत नाही

कणकवलीहून फोंडाघाट चढणाऱ्या विजेच्या स्कूटरची खरी परीक्षा मे महिन्यात होते. मोटर तापते आणि आतल्या चुंबकाची पकड ढिली पडू लागते. नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे हे चुंबक सुमारे ३१२ अंश सेल्सिअसला चुंबकत्व पुरते गमावते. मोटरीतल्या विरोधी क्षेत्रापुढे मात्र ते त्याच्या कितीतरी आधी नमते. म्हणून त्यात थोडे डिस्प्रोशियम घालतात. गंमत अशी, की नियोडिमियमचे अणू लोखंडाच्या दिशेने तोंड करतात, तर डिस्प्रोशियमचे नेमके उलट. त्यामुळे चुंबकाचा जोर घटतो. तरीही ते लागतेच, कारण तापल्यावरही दिशा न सोडण्याचा हट्ट त्याच्याकडूनच येतो.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैत बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी विद्युत दुचाकींचे उत्पादन ऑगस्टमध्ये ठप्प होऊ शकते, असे जाहीर सांगितले. नोव्हेंबरात केंद्राने ७,२८० कोटींची चुंबक योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टनांचे. आता सूर असा, की किनाऱ्यावर खजिना पडलाय, उपसा!

केरळ-ओडिशाच्या वाळूतल्या मोनाझाइटमध्ये दुर्मिळ मृदा आहेत, हे खरे. पण त्यांत जवळपास निम्मे सिरियम, डिस्प्रोशियम नावापुरते. कासार्ड्याची सिलिका वाळू ट्रक भरभरून बाहेर जाताना पाहणाऱ्या कणकवलीकरांना खणणे आणि उद्योग यांतले अंतर वेगळे सांगायला नको.

मग आपल्याकडे मुबलक असलेल्या सिरियमचेच काही होईल का? नुसत्या सिरियमचे चुंबक दीडशे अंशांच्या आसपासच हात टेकते. पण मिश्रणाचा गुण सरासरीने ठरत नाही; कोणता अणू कुठे बसतो, यावर ठरतो. २०१८ मध्ये टोयोटाने चुंबकातले कण बारीक केले, नियोडिमियम कणांच्या पृष्ठभागाजवळ ठेवले आणि आत लँथॅनम व सिरियम एकास तीन प्रमाणात भरले. नियोडिमियम निम्म्यापर्यंत वाचते, डिस्प्रोशियम लागतच नाही, असा त्यांचा दावा.

सिरियम एका संयुगात चुंबकत्व राखते, दुसऱ्यात हरवते. या कोड्यावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक दशके काम झाले आहे. यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या मिश्रणातली अतिवाहकता याच संस्थेच्या गटाने १९९४ मध्ये जगापुढे मांडली. म्हणजे जाणकार घरचेच आहेत.

योजनेत मात्र ६,४५० कोटी विक्रीवरच्या प्रोत्साहनाला आणि ७५० कोटी भांडवली अनुदानाला. ठरलेल्या कृतीने माल काढणाऱ्याला पैसे, कृती शोधणाऱ्याचा वेगळा वाटा नाही. यातले शंभर कोटी तरी सिरियममिश्रित चुंबकासाठी बाजूला काढावेत, आणि कुलाब्याचे संशोधक व चाकणचे मोटर बनवणारे यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवावे.