‘हरवला’ म्हणू नका

जुना सिनेमा मिळत नाही म्हटलं की आपण ‘काळाच्या ओघात हरवला’ असं लिहून मोकळे होतो. मला या क्रियापदाचा राग येतो. त्यात कुणी काही केलंच नाही, असं वाटतं. हरवते ती छत्री. सिनेमा कुणीतरी टाकून देतं, नाहीतर सांभाळायचं टाळतं.

१९२९ चा ‘व्हाय बी गुड?’ घ्या. पर्ट केली डिपार्टमेंट स्टोअरमधली विक्रेती, रात्री जॅझवर नाचणारी. प्रेमात पडते तो नेमका मालकाचा मुलगा. बापाला तिच्या चारित्र्याची शंका, म्हणून मुलगा तिची परीक्षा घेतो आणि ती त्याच्यावर भडकते. कॉलीन मूरने ही पर्ट साकारली. पात्रं बोलत नाहीत, पण संगीत व्हायटाफोनच्या १६ इंची तबकड्यांवर होतं, एका रिळाला एक तबकडी.

कित्येक दशकं तबकड्या शाबूत आणि चित्र बेपत्ता. शेवटी प्रिंट इटलीत सापडली. दोन्ही जुळवून २०१४ मध्ये सिनेमा पुन्हा पडद्यावर आला. लोक याला चमत्कार म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, मी याला नशिबाने उरलेला बॅकअप म्हणतो. नशिबावर सिस्टीम चालवत नाहीत.

आपल्याकडे तेवढंही नशीब नव्हतं. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची प्रिंट नाही. पुण्यातल्या २००३ च्या आगीत तो जळाला, असं बिनधास्त फॉरवर्ड होतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणारे पी. के. नायर मात्र सांगत, तो संग्रहालयात कधी आलाच नव्हता. संग्रहालयच १९६४ चं, म्हणजे मधली ३३ वर्षं हे कुणाचंच काम नव्हतं. पण आगीची गोष्ट सोयीची आहे. आगीला दोष दिला की माणसं सुटतात.

‘सगळंच कसं सांभाळणार?’ असं विचाराल. सगळं नाहीच सांभाळता येत. पण काय टाकायचं हे ठरवतं कोण? गेल्या वर्षी ऑफिसात मी सर्व्हरवरचा एक जुना फोल्डर उडवला. कारण लिहिलं, ‘कुणी वापरत नाही.’ दोन मिनिटांत मंजुरी आली. आत काय होतं, हे मंजुरी देणाऱ्याने विचारलं नाही आणि मीही उघडून पाहिलं नाही. चांदीसाठी जुनी रिळं विकणाऱ्यांचा हिशोब याहून वेगळा नव्हता.

म्हणून यापुढे ‘हरवला’ लिहाल तेव्हा वाक्याला कर्ता द्या. कुणाकडे होता, कुणी टाकला, तेही लिहा. माझ्या फोल्डरच्या वाक्यात कर्ता मी आहे.